मगदुमांच्या घरचा पेलाभर रस

बेळगावहून परतणाऱ्या सर्व्हिस मोटारीत जिनदत्त मगदुमांनी डॉक्टरांची चिठ्ठी संकेश्वरपर्यंत सात वेळा आणि संकेश्वरपासून निपाणीपर्यंत अकरा वेळा वाचली. चिठ्ठी चार ओळींची होती. पण स्वस्थ बसणं जिनदत्तांना जन्मात कधी मानवलं नव्हतं. मोटारीत फेऱ्या मारता येत नाहीत म्हणून ते चिठ्ठीवरून फेऱ्या मारत होते. शेजारी पद्मावतीबाई पदराचं टोक तोंडाशी धरून, डोळे मिटून बसल्या होत्या, आणि दर मैलाला जिनदत्त विचारत होते, "बरं वाटतंय न्हवं?" त्या मान हलवीत. मान हलवून हलवून त्यांना आणखीच गरगरत होतं, हे काही जिनदत्तांच्या ध्यानात आलं नाही.

दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत पद्मावतीबाई दोनदा पडल्या होत्या. एकदा आडावर, घागर भरून घेताना, आणि एकदा चुलीपुढं. चुलीपुढं पडल्या तेव्हा त्यांचा पदर जाळापासून टीचभर लांब होता. ते टीचभर अंतर जिनदत्तांच्या डोळ्यांपुढून हलेना. निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत ते मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतली पत्रं लिहीत. हल्ली 'आपला माल पोचला' एवढं लिहितानाही त्यांचा हात मधेच थांबे.

बेळगावचे डॉक्टर वयानं तरुण होते आणि त्यांना निसर्गोपचाराचं नवं वेड लागलं होतं. नाडी बघितली, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "रक्त फार कमी झालंय. जेवण नीट होतं ना?" पद्मावतीबाईंनी तोंड उघडायच्या आत जिनदत्त म्हणाले, "उत्तम होतं! आमच्या घरी खाण्यापिण्याला काही कमी न्हाई." घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, "मग औषधाची बाटली देत नाही. रोज संध्याकाळी पेलाभर ताजा रस द्या, कच्च्या भाज्यांचा आणि फळांचा. घरातल्या सगळ्यांनीच घेतला तर फारच छान. महिन्यानं परत आणा. रक्त वाढलं नाही, तर मात्र इस्पितळात ठेवावं लागेल."

इस्पितळात! मगदुमांच्या घराण्यातून इस्पितळात गेलेले एक चुलत आजोबा होते आणि ते परत आलेले नव्हते. तेव्हा महिनाभरात बायकोच्या अंगात रक्त भरायचं, असा निश्चय करूनच जिनदत्त मोटारीतून उतरले.

चिठ्ठीतली यादी पहिल्यांदा गेली आप्पांसमोर. आप्पा, म्हणजे जिनदत्तांचे वडील रायाप्पा मगदूम. सत्तरी उलटलेली, तोंडात तीन दात, आणि जैन धर्माच्या बाबतीत ते तिन्ही घट्ट. त्यांनी यादी वाचून दाखवायला सांगितली.

"गाजर," जिनदत्तांनी वाचलं.

"जमिनीखाली वाढतंय. काट."

"बीट."

"ते तर त्याच्याबी खाली वाढतंय. काट."

"टोमॅटो."

आप्पांनी टोमॅटो एकदा बाजारात पाहिला होता आणि तोंड फिरवून घरी आले होते. "त्याचा रंग बघितलाईस काय? असला रंग भाजीला असतोय व्हय रं? काट."

अंजीर यादीतून निघालं, कारण आत काय काय जीव असतात ते डोळ्यांना दिसत नाही. 'चमचाभर मध' आला तेव्हा आप्पा काहीच बोलले नाहीत. मुलाकडं नुसते बघत राहिले. जिनदत्तांनी मध आपण होऊन काटला. शेवटी यादीत संत्रं आणि डॉक्टरांची सही एवढंच उरलं.

मग बस्तीतल्या, म्हणजे त्यांच्या देवळातल्या, उपाध्यांना विचारून नवी यादी झाली. दुधी चालेल, काकडी चालेल, भोपळा चालेल, आवळा, पेरू, पपई चालेल. कोथिंबीर चालेल, पण पान न् पान उजेडात बघून. पाणी गाळलेलं. अष्टमीला आणि चतुर्दशीला हिरवं काही नको. म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या तीस दिवसांतले चार बसल्या जागी गेले. 

भिंतीला भिंत लागूनच हवालदार मारुतीरावांचं घर. हवालदार मूळचे खानापूरकडचे, बेळगावच्या पलटणीत वीस वर्षं काढून निपाणीत सासुरवाडीच्या जागेत येऊन राहिलेले. त्यांचा सल्ला असा की, वहिनींनी सकाळी उठून अर्धा मैल पळावं. त्यांची बायको मालुबाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "रस कशाला पायजे वो आण्णा? ताटभर जेवू दे की तिला सुकानं." बायकांना शास्त्रातलं काय कळतंय, असं मनात म्हणून जिनदत्त दुधी आणायला गेले.

पहिला रस पाट्यावर काढला. दुधी, काकडी आणि आवळा वाटायला घरातल्या पाट्याइतकं बळकट दुसरं काय होतं? पण त्या पाट्यावर आदल्याच दिवशी लाल मिरचीचं तिखट वाटलं होतं, आणि पाट्याच्या टाक्यांत मिरची किती दिवस दबा धरून बसते हे वाटणाऱ्या बाईला ठाऊक असतं, पत्रं लिहिणाऱ्याला नसतं. पद्मावतीबाई काही सांगायला बाहेर येत होत्या, तेवढ्यात आप्पांनी आतून पाणी मागितलं. रस सगळ्यांनीच घेतलेला फारच छान, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून जिनदत्तांनी पहिला पेला स्वतः घेतला, दुसरा धाकट्या दोघा मुलांना वाटून दिला आणि तिसरा थोरल्या ब्राह्मीला. पुढचा पाऊण तास मगदुमांच्या घरात चौघेजण जिभा बाहेर काढून गूळ शोधत हिंडत होते. पद्मावतीबाईंच्या वाट्याला त्या दिवशी रस आला नाही. त्यांच्या वाट्याला पाटा धुणं आलं.

"यंत्र पायजे," जिनदत्त म्हणाले. "हे यंत्राचं काम हाय. जगात सगळीकडं यंत्रं झाल्यात."

वखारीत रजेचा अर्ज गेला. अर्जात 'यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी' असं इंग्रजीत लिहिलेलं बघून मालकांना वाटलं, ह्यांनी वखारीसाठीच काही बेत केलाय, आणि त्यांनी आनंदानं रजा दिली. जिनदत्त पुन्हा बेळगावला. खडेबाजारात दुकानामागून दुकान पालथं घातलं. एकानं शेवेचा सोऱ्या दाखवला. एकानं उसाचा चरक दाखवला, पण त्याला बैल लागत होता. एकजण म्हणाला, "अण्णा, यंत्र कशाला, संत्रं हातानं पिळा की." जिनदत्तांनी त्याच्याकडं करुणेनं बघितलं आणि पुढं निघाले. फिरत फिरत ते कँपात आले. तिथं विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या बंगल्यात सामानाचा लिलाव चालला होता. खुर्च्या, आरसे, टोप्या. आणि एका कोपऱ्यात, टेबलाच्या कडेला स्क्रूनं बसवलेलं, एक यंत्र.

ओतीव लोखंडाचं. वर पेल्यासारखं तोंड, बाजूला लाकडी मुठीचा दांडा, आत स्क्रूसारखा फिरणारा लोखंडी पिळा, आणि पुढं भोकाभोकांची चकती. जिनदत्तांनी दांडा फिरवून बघितला. पिळा फिरला. त्यांच्या पोटात गुदगुल्या झाल्या.

"यात काय घालायचं?" त्यांनी साहेबाच्या बटलरला विचारलं.

"कायबी घाला, बारीक हुतंय," बटलर म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

यंत्रावर इंग्रजी अक्षरं कोरली होती. मगदूम घराण्यात इंग्रजी वाचणारे जिनदत्त एकटेच. त्यांनी ती अक्षरं मोठ्यानं वाचली: कारखान्याचं नाव, गावाचं नाव, नंबर दहा. यंत्र कशासाठी आहे ते कारखान्यानं कोरलं नव्हतं. विलायतेत ते सगळ्यांना ठाऊकच असावं.

निपाणीच्या जकात नाक्यावर मोटार थांबली. तिथल्या कारकुनानं यंत्र पोत्यातून बाहेर काढायला लावलं, चष्मा वर केला, चष्मा खाली केला आणि दराचं पुस्तक उघडलं. यंत्र भांड्यांत मोडेना, कारण त्याला बूड नव्हतं. अवजारांत मोडेना, कारण त्याला धार दिसत नव्हती. कारकुनानं चकती काढली, तर आत धारेचं पातं. "हत्यार हाय की!" म्हणून तो दचकला. हत्याराला परवाना लागतो. जिनदत्तांनी त्याला रक्त, दुधी आणि निसर्गोपचार हे सगळं समजावून सांगितलं. मोटारीतले उतारू दुपारच्या उन्हात तिष्ठत होते आणि त्यांतला प्रत्येकजण खाली उतरून एकदा दांडा फिरवून गेला. तासाभरानं कारकुनानं 'धार्मिक व वैद्यकीय उपकरण' असं लिहून सुटका केली. आपल्या यंत्राला सरकारदरबारी धर्माचा शिक्का मिळाला, म्हणून जिनदत्त छाती काढूनच घरी आले.

दुसऱ्या दिवशी वखारीतून जरा लौकर सुटून त्यांनी यंत्र पडवीतल्या बाकाला बसवलं. सगळी गल्ली जमली. पद्मावतीबाईंनी आल्यागेल्यांना चहा केला, मग आप्पांच्या सोबत्यांना चहा केला, मग पहिल्यांदा चहा घेतलेल्यांतल्या काहींना पुन्हा केला. जिनदत्तांनी पपईच्या फोडी आणि पेरू तोंडात घातले आणि दांडा फिरवला. चकतीच्या भोकाभोकांतून लालसर लांब लांब वळ्या बाहेर येऊन वाडग्यात पडू लागल्या. "वा!" गल्ली म्हणाली. आप्पासुद्धा हातात वाटी घेऊन पुढं सरकले.

नेमके त्याच वेळी हवालदार मारुतीराव आले. त्यांनी गर्दी बाजूला केली, यंत्राकडं बघितलं, आणि जुना दोस्त भेटावा तसा त्यांचा चेहरा उजळला.

"आरं, ह्ये हितं कुठनं आलं? आण्णा, आमच्या मेसमदी ह्येच यंत्र हुतं! ह्याच नंबराचं! ह्येच्यातनं रोज वीस-वीस शेर खिमा काढलाय आमी!"

दांडा फिरवणारा जिनदत्तांचा हात मधेच थांबला. चकतीतून एक लालसर वळी लोंबत होती, तीही तिथंच थांबली. आप्पांनी हातातली वाटी खाली ठेवली. 

"खिमा म्हंजे?" जिनदत्तांनी विचारलं. त्यांना कळलं होतं. तरी माणूस विचारतो.

हवालदारांनी जीभ चावली. "तसं... बकऱ्याचाच हो आण्णा," ते म्हणाले, जणू त्यानं काही हलकं होणार होतं.

आप्पा उठले. पंचा खांद्यावर टाकला. पायरीवर थांबून एवढंच म्हणाले, "सात पिढ्यांत ह्या घरात मुंगी मारली न्हाई कुणी. तू खाटकाचं यंत्र आणलास." आणि बस्तीत राहायला निघून गेले. गल्लीतली माणसं, इतका वेळ दांडा फिरवायला पुढं पुढं करणारी, आपापले हात धुवायला पांगली. जिनदत्त बाकाशी उभे होते. वखारीत त्यांच्या अक्षराला मान होता, नाक्यावर त्यांच्या शब्दाला मान होता, आणि आता स्वतःच्याच पडवीत कुठं बघावं ते त्यांना समजेना. त्यांना रडू आलं असतं, पण मुलं बघत होती.

पुढचे तीन दिवस घर धुण्यात गेले. उपाध्यांनी सांगितलं, भांडीकुंडी चिंच-राखेनं घासा, पडवी सारवा, बाक उन्हात घाला. सांगितलं उपाध्यांनी, चुकले जिनदत्त, आणि घासलं पद्मावतीबाईंनी. तिसऱ्या दिवशी पितळी हंडा पालथा घालताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि तशाच खाली बसल्या. ओठ पांढरे पडले होते. जिनदत्त पंख्यानं वारा घालायला लागले आणि इतक्या जोरात घालायला लागले की पद्मावतीबाईंनीच त्यांचा हात धरून थांबवलं. तो हात इतका गार होता की जिनदत्त पंखा टाकून तो चोळत बसले. महिन्यातले पंधरा दिवस संपले होते आणि तिच्या पोटात रसाचा एक थेंब गेला नव्हता.

यंत्राचं काय झालं म्हणाल, तर हवालदार ते घेऊन गेले, एका शब्दानं आढेवेढे न घेता. पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून असा काही घमघमाट सुटला, की नुकतेच घरी परतलेले आप्पा त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या लावून मोठमोठ्यानं स्तोत्र म्हणत बसले.

त्यानंतरच्या मंगळवारी जिनदत्तांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. आता यंत्र नाही, पाटा नाही, काही नाही. नवी किसणी, नवं पांढरं धोतर फाडून केलेलं फडकं आणि स्वतःचे दोन हात. दुपारी तीनला ते पडवीत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते एका जागी बसले होते, म्हणून आप्पा लांबून पहारा करत होते. कोथिंबिरीचं पान न् पान उजेडात बघून झालं. दुधी किसला, भोपळा किसला, त्यात दोन बोटांची सालं किसली, बोटं बांधून पुन्हा नव्यानं दुधी किसला. आतून पद्मावतीबाईंनी चारदा विचारलं, "जेवून घेताय न्हवं?" जिनदत्त म्हणाले, "रस झाल्याबिगार मी ताटावर बसणार न्हाई!" ही प्रतिज्ञा त्यांना फार बरी वाटली. फडक्यातून पिळता पिळता हात भरून आले. टोपलीभर भाजी-फळांचा रस निघाला बरोब्बर एक पेला.

भरलेला पेला दोन्ही हातांत धरून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आप्पा मागं, मुलं मागं, आणि काय झालं ते बघायला मालुबाई भिंतीवरून उतरून थेट परसात.

"घे," जिनदत्त म्हणाले.  "कुणी तोंड लावल्यालं न्हाई. पयला तुझाच."

पद्मावतीबाईंनी ओले हात पदराला पुसले. पेल्याकडं बघितलं. मग सवयीनं खिडकीकडं बघितलं. बाहेर वखारींच्या पत्र्यांवरचं ऊन गेलेलं होतं.

"आता कसं घेऊ?" त्या हळूच म्हणाल्या. "दिवस मावळला की."

मगदुमांच्या घरी अंथऊ, म्हणजे दिवस असेतोवर संध्याकाळचं जेवण. सूर्य गेला की पाण्याशिवाय तोंडात काही नाही. जिनदत्तांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी मान खाली घातली. पेलाभर रस घेऊन जिनदत्त तसेच उभे राहिले.

"तरी आज त्यानं कामच तसं काढलंतं," आप्पा पुटपुटले. "एक दिवस उशीर झाला म्हणून काय..."

"एक दिवस?" मालुबाई दारातूनच म्हणाली. तिच्यानं राहवेना. "मामंजी, एक दिवस न्हवं, रोजचंच हाय ह्ये! तुमास्नी ठावंच न्हाय व्हय? आदी तुमी बसताय. तीन दातांनी तुमचा घास अर्धा तास चालतोय. मग पोरं. मग आण्णा वखारीतनं येणार, ताटावरनं तीनदा उटणार, कागुद बगणार, परत बसणार. त्यांचं हुईस्तवर दिस बुडतोय. मग ही वाडल्यालं झाकून ठेवती आन् तांब्याभर पाणी पिऊन निजती. भितीवरनं मी रोज बगतोय की. उन्हाळ्यात दिस मोठा असतोय, तवा मिळतंय तिला. थंडी आली की हिचा उपास."

जिनदत्त बायकोकडं वळले.

"खरं हाय?" जिनदत्तांनी विचारलं.

पद्मावतीबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत होत्या. "रोज न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी लौकर आलासा की हुतंय."

जिनदत्तांना आठवलं, लौकर ते एकदाच आले होते, यंत्र बसवायला. त्या दिवशी तिनं चहा केला होता. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा 'उत्तम होतं' असं आपण म्हणालो होतो. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की पेला खाली ठेवायचंही सुचेना. आप्पा भिंतीशी बसले आणि म्हणाले, "धर्म मी पाळतोय म्हणत हुतो. पाळत हुती ती."

दुसऱ्या दिवशी जिनदत्त वखारीच्या मालकांपुढं उभे राहिले आणि म्हणाले, थंडीतले हे तीन महिने मी साडेतीनलाच घरी जाणार, त्याबद्दल सकाळी तास-दोन तास लौकर येईन. कारण विचारलं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. मालकही आप्पांच्याच, नेमिनाथाच्या बस्तीत जाणारे. त्यांनी समोरची वही मिटली आणि म्हणाले, "जावा. मीबी आज लौकरच निघतो."

चार वाजता जिनदत्तांनी स्वतः पाट मांडला, तांब्या ठेवला आणि पद्मावतीबाईंना हाताला धरून पाटावर बसवलं. त्यांनी तीनदा उठायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा आप्पा म्हणाले, "बस गं पोरी." ताट ब्राह्मीनं वाढलं. मग जिनदत्त समोर, आप्पा उजव्या हाताला, तिन्ही मुलं ओळीनं, असे सगळे उपाशी पोटी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. पद्मावतीबाईंनी घास उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"सगळी अशी टकाटका बघत बसल्यावर घास उतरतोय व्हय?" त्या म्हणाल्या.

मग सगळ्यांनी भिंतीकडं तोंडं फिरवली. आप्पांनीसुद्धा. पाठीमागं थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला, मग चावल्याचा. जिनदत्त हलले नाहीत. भिंतीवर एक पाल होती, तिच्याकडं बघत ते एकेक घास मोजत राहिले, आणि त्यांना आपले डोळे पुसायचे होते, पण हललं तर ती उठेल म्हणून त्यांनी ते तसेच वाहू दिले.

"अवो," पाठीमागून हलक्या आवाजात आलं, "आणिक एक भाकरी मिळंल का?"

जिनदत्त उडी मारूनच उठले. स्वयंपाकघरात गेले. शिंक्यावर बघितलं, मडक्यात बघितलं, डबे एकामागून एक उघडले. मीठ निघालं, डाळ निघाली, सुतळीचं बंडल निघालं. लग्नापासून सतरा वर्षं ते रोज तिच्या हातची भाकरी खात होते. ती ठेवतात कुठं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. घाम फुटला. आता उशीर होणार, आता परत दिवस जाणार, या भीतीनं त्यांनी दुधाचं भांडंही लवंडलं.

"अगं, भाकरीची बुट्टी कुठं असती गं?" ते कळवळून ओरडले.

बाहेरून पद्मावतीबाईंचं हसू ऐकू आलं. ते त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकलेलं नव्हतं.

"सावकाश हुडका," त्या म्हणाल्या. "अजून लई दिवस हाय."